चुन्यावर आधी अण्णा

आमचे शेजारी वकील अण्णा गोठ्यात चुना टाकला, तो वाळला, वर गवत पसरलं, की उघड्या पाठीनं स्वतः त्यावर आडवे होत. डोळे मिटून, चांगले घटकाभर. पाठ चुरचुरली नाही तरच म्हणत, "हं, आता बाईसाहेबांना बोलवा." बाईसाहेब म्हणजे त्यांची म्हैस.

कोर्टात मोजकंच बोलणारा हा माणूस चुन्याचा विषय निघाला की आवरत नसे. कोप्पीकर रोडवर कुणाच्या खांद्यावर चुन्याचं पोतं दिसलं की टांगा थांबलाच. "कुठल्या रानात टाकणार? काळ्या? अरे, त्या मातीत चुना मुळातच पोटभर आहे! कलघटगीकडची तांबडी असेल तर टाक, तीही तपासून. आणि शेणखताबरोबर नको, खताचा कस उडून जातो." तो बिचारा घराच्या भिंती रंगवायला निघालेला असे.

बाईसाहेबांची आधीची दोन्ही रेडकं रोगानं दगावली होती. म्हणून या खेपेला ती विण्याआधीच गोठा धुऊन चुना मारायचा ठरला. पण गडी निंगप्पानं कळीचा चुना भिजवला आणि वाफा निघत असतानाच ओल्या जमिनीवर ओतला.

"एनू आगूदिल्री अण्णा, काही नाही होत! पानाला लावतो तोच की हा. मी रोज खातो."

"तुझी जीभ केव्हाच मेलीय. तिची साक्ष कोण धरणार?"

नेमक्या त्याच दुपारी म्हशीला कळा सुरू झाल्या. गोठ्यात रेडकू पडलं तर कातडी भाजणार, डोळे जाणार. बाहेर पावसाची झड. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग अण्णांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली आणि परसदारच्या खोलीचं कुलूप काढलं. ती बाळंतिणीची खोली. रमाअक्का, त्यांची बायको, पहिल्या बाळंतपणात बाळासकट तिथंच गेली. तेव्हापासून ते दार कुणी उघडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

म्हैस आत गेली. अण्णा तिच्या डोक्याशी बसून सारखे म्हणत होते, "भिऊ नको गं, मी आहे." मला आणि निंगप्पाला दाराबाहेर उभं राहणंही अवघड झालं.

दिवेलागणीला रेडकू धडपडत उठलं आणि आचळाला लागलं. अण्णांनी पंच्यानं त्याचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

निंगप्पानं उंबऱ्यावरचं कुलूप उचललं. "चुना वाळून ही गोठ्यात गेली की दाराला परत लावू, अण्णा?"

"नको," अण्णा म्हणाले. "घरात कुणी जन्मलंय. आता उघडंच राहू दे."