रुमाल हलला की गिटार!

"दादा, तू निर्धास्त राहा. अंतरपाट खाली आला रे आला, की असं संगीत वाजेल, की सोलापूर दहा वर्षं विसरणार नाही!"

अनिमेषनं छातीठोकपणे सांगितलं होतं. ते पुढं शब्दशः खरं झालं, हीच तर पंचाईत!

अनिमेष बँकेत कारकून. घरी मात्र जुन्या व्हिडिओ गेमच्या धुनांना इलेक्ट्रिक गिटार आणि सिंथेसायझरची फोडणी देणारा कलावंत! पुतणी वैदेही सहा वर्षांची असताना काका-पुतणी टीव्हीला कॅसेट लावून किल्ला चढणाऱ्या पिटुकल्या शिपायाचा गेम खेळत. किल्ला सर झाला की जिंकल्याची धून वाजायची आणि पोरगी काकाच्या पाठीवर उडी मारायची. आता ती लग्न करून बेळगावला निघाली होती. जाण्याआधी ती धून एकदा तिच्या कानावर पडावी, एवढीच त्याची इच्छा. त्यासाठी तीन महिने खपून त्यानं गिटार बसवली, इलेक्ट्रॉनिक ठेका टाकला, आणि त्यात भवानी पेठेतल्या यंत्रमागाची खटखटही मिसळली.

वैदेहीचे वडील, यज्ञेश्वरदादा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बजावलं, "एकदाच वाजेल, आणि वेळेवर वाजेल. चुकलं तर तू आणि तुझी गिटार मांडवाबाहेर!"

अडचण मंगलाष्टकांची होती. प्रत्येक आत्या-मामीनं स्वतः रचलेलं एकेक आणलेलं. शेवटचं कुठलं, हे गुरुजींनाही ठाऊक नव्हतं. म्हणून अनिमेषनं साउंडवाल्या ईरप्पाला पढवलं, "मी स्टेजजवळून रुमाल हलवला की बटण दाबायचं."

"रुमाल हलला की बटण! बिनघोर ऱ्हावा की, साहेब!"

आता सोलापूर, मे महिना, दुपारी बाराचा मुहूर्त आणि पारा चव्वेचाळीसवर. मांडवात रुमाल किती असतील, हा हिशेब मात्र अनिमेषनं केलाच नव्हता.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना नवऱ्या मुलाच्या मामांनी, सिद्धलिंगरावांनी, टक्कल पुसलं आणि वारा घ्यायला रुमाल झटकला. धडाड्! गिटार कडाडली, यंत्रमाग खडखडला! लग्न लागलं असं समजून लोकांनी मुठीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता उधळल्या आणि निम्मा मांडव जेवणाच्या टेबलांकडं पळाला.

"अहो, थांबा! अजून लागलं नाही!" गुरुजी ओरडले. पण गुलाबजामांपुढं गुरुजींचं कोण ऐकतो?

"बंद कर! बंद कर!" अनिमेष दोन्ही हात हलवत धावला. हातात रुमाल होताच. ईरप्पानं समजूतदारपणे मान डोलावली आणि पुढचं गाणं लावलं.

ती त्याच गेममधली, शिपाई खड्ड्यात पडल्यावरची रडकी धून होती! मांडवातली चाळिशीतली समस्त मंडळी सवयीनं एका सुरात कळवळली, "अरेरे, गेला!"

नवऱ्या मुलाची आजी, रुक्मिणीबाई, दचकून उठल्या. "अगं बाई! कोण गेलं?"

अनिमेष हातापाया पडून ईरप्पाला म्हणाला, "आता कुणीही, अगदी कुणीही रुमाल हलवू दे, बघायचंसुद्धा नाही!"

"न्हाई बघत की, साहेब!" ईरप्पा मांडवाकडं पाठ करून बसला.

शेवटी अंतरपाट खाली आला. उधळायला अक्षता नाहीत, वाजायला वाजंत्री नाही, नुसती शांतता! वैदेहीनं हार हातात धरून काकाकडं पाहिलं. अनिमेषला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात यज्ञेश्वरदादांनी खिशातून रुमाल काढला. लेकीचा चेहरा त्यांनीही पाहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा धाकट्या भावाच्या खुळापायी त्यांनी हात उंच करून रुमाल हलवला, चांगला तीनदा हलवला!

ईरप्पा ढिम्म! शब्दाला पक्का माणूस!

मग वैदेहीच तोंडानं सुरू झाली, "टुडूं टुडूं टुडूं टूं!" नवरा मुलगा राजस क्षणभर भांबावला. पण तोही तोच गेम खेळून वाढलेला. त्यानं तोंडानंच गिटार धरली. चाळिशीतल्या मंडळींनी टाळ्यांचा ठेका दिला. त्या धुनेवर हार पडले, आणि वैदेही वाकून नमस्कार करायची सोडून काकाच्या गळ्यातच पडली.

अनिमेषचे डोळे भरून आले. हात खिशापर्यंत गेलाही, पण त्याचं लक्ष ईरप्पाकडं गेलं. टाळ्या ऐकून तो पुन्हा मांडवाकडं वळून बसला होता, बोट बटणावर!

त्यानं निमूटपणे शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.