लाल नको, हिरवीच पाहिजे!

ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला टंगस्टनची काडी कोणती लावायची, हे अंबडच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत मला विचारावं! निदान मी तरी तसं सांगत फिरायचो. म्हणून तर साखरपुड्याच्या सकाळी होणाऱ्या सासूबाई, वत्सलाबाई, रिक्षात भलंमोठं पातेलं घालून मखमलाबादहून थेट माझ्या शेडवर आल्या.

"भारतराव, तळाला चीर गेलीय बघा. संध्याकाळी पाव्हण्यांचा मसालेभात यातच करायचाय."

"मावशी, तुमचा चहा संपायच्या आत देतो!"

त्यांना दाराशी खुर्ची दिली, आत जाऊन काड्यांची नवी डबी उघडली आणि बघतो तर काय! सगळ्यांच्या टोकाला लाल पट्टी! लाल ती स्टीलसाठी. माझ्या जुन्या मशीनवर ॲल्युमिनियमला हिरव्या पट्टीचीच लागते. दुकानदाराला "नेहमीची दे" असं मीच म्हणालो होतो. आणि नेहमी मी करतो काय? स्टीलची रेलिंगं!

म्हटलं, चालवून बघू. भंगारातल्या पत्र्यावर लावली, तर टोक फुलबाजीसारखं तडतडलं, फुटलं आणि पत्रा काळाठिक्कर! हे सासूबाईंच्या पातेल्यावर झालं असतं तर? दुकानदाराला फोन लावला. शेजारी कटर किंचाळत होता, त्यामुळे ओरडावंच लागलं.

"लाल कशाला माझ्या गळ्यात मारली? लाल नको! सगळं काळं दिसतं! बघितलं ना मी, तेवढं पुरे! मला हिरवीच पाहिजे. नाहीतर आजचं सगळं कॅन्सल!"

बाहेर आलो. खुर्ची रिकामी, चहा तसाच. गेल्या असतील फुलं आणायला, असं वाटलं.

तासाभरात हिरवी काडी आली. पातेलं झकास जोडलं, पाणी भरून पाहिलं, थेंब गळेना! तेवढ्यात होणाऱ्या बायकोचा, तेजलचा फोन.

"तू आईला काय बोललास?"

"कुठे काय?"

"माझी लाल साडी तुला नको? मी काळी दिसते? हिरवी नसली तर साखरपुडा कॅन्सल?"

"अगं, ते टंगस्टनचं..."

"कोण टंगस्टन? आई रडत रडत जीप करून येवल्याला गेलीय, पैठणी आणायला!"

मावशींचा फोन बंद! संध्याकाळी मांडवात पाहुणे जमले, भात शिजला, पण जीपचा पत्ता नाही. माझी आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच मावशींना पळवून नेलंय. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालून चपलेचा अंगठा तोडला. शेवटी जीप आली. मावशी धुळीने माखलेल्या, पण छातीशी हिरवीगार पैठणी!

तेजल ती नेसून आली, तसे मी सगळ्यांसमोर हात जोडले.

"मावशी, मी वेल्डिंगच्या काडीबद्दल बोलत होतो हो! साडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं!"

मावशी आधी बघतच राहिल्या, मग डोळ्यांना पदर लावून हसत सुटल्या. सगळा मांडव हसला. फक्त तेजल हसली नाही.

"अवाक्षरही नाही?"

"देवाशपथ! तू काय नेसणार, हा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता!"

मावशींनी कपाळावर हात मारला.

साखरपुड्याच्या फोटोत आम्ही शेजारी शेजारीच बसलोय. फक्त तेजल दुसरीकडे बघतेय.