हार्डवेअर ॲक्सिलरेशन आणि भाकरीचे चार चतकोर

आधीच सांगून ठेवतो, ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन नावाचं बटण मी बंद केलं आणि बरोबरच केलं. माफीबिफी मिळणार नाही.

आमची ही, प्रगती, बाजारहत्नूरच्या शाळेत मराठी माध्यमाची शिक्षिका. त्या रविवारी तिला लॅपटॉपवरून जिल्ह्याच्या सायबांपुढं अपूर्णांकांचा नमुना पाठ घ्यायचा होता. हैदराबादच्या शिबिरासाठी जिल्ह्यातून एकच बाई निवडणार होते आणि ती पंधरा दिवस जिवाचं रान करत होती. टेबलावर फळा, खडू आणि ज्वारीच्या भाकरीचे चार चतकोर मांडले, कानात इअरफोन घातले, मीटिंग उघडली, तर पडदा काळाकुट्ट!

"जीवनले फोन लावा," ती म्हणाली. जीवन म्हणजे माझा साळा, इचोड्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मागे त्यानं आमचा प्रिंटर दुरुस्त केला म्हणजे नुसता प्लग लावला, आणि साऱ्या सोयऱ्यांना सांगत सुटला.

"काऊन? मी नाई का?" मी म्हणालो. बावीस वर्षं कचेरीत कारकून आहे मी! मोबाइलवर शोधलं: हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा. केलं. काळंच. चालू केलं. काळंच. पुन्हा बंद केलं. शेजारी 'रिलाँच' असं बटण येऊन बसलं होतं, पण एकदा हुकूम निघाला की तामील झाली पाहिजे, त्यासाठी सगळं दफ्तर मिटून पुन्हा कशाला उघडायचं? (कचेरीतला कॉम्प्युटर मिटला की उघडायला पाऊण तास लागतो, म्हणून मी तो मिटतच नाही.)

"अहो, बाजूले व्हा," ती पुटपुटली. "सायेब पाहून राह्यले."

"काय पाहून राह्यले? काळं तर हाये सारं!"

"आपल्याकडंच काळं हाये. त्याइले दिसून राह्यलं. माह्या कानात सांगतलं त्याइनं."

"आपल्याले दिसत नाई अन् त्याइले दिसते? कोणता कायदा हाये हा?" बनियन आणि टॉवेलवर उभा राहून मी कॅमेऱ्यात नाक घालून ओरडलो.

संताप आला की मला भूक लागते. एक चतकोर उचलला आणि कोंबला तोंडात. प्रगतीनं मला डोळ्यांनीच भाजलं. मग कॅमेऱ्याकडं वळून गोड आवाजात म्हणाली, "मुलांनो, चार चतकोर होते. एक यांनी खाल्ला. किती उरले?"

मी दुसराही खाल्ला. (कोरडा होता, पण माघार कोण घेणार?)

"आता अर्धी भाकर उरली," ती म्हणाली.

पाठ संपला, तेव्हा केवळ तिच्या समाधानासाठी मी रिलाँच दाबलं. मीटिंग पुन्हा उघडली. चित्र लख्ख! पाच सायेब रुमालानं डोळे पुसत होते आणि कोपऱ्यातल्या चौकटीत टॉवेलवाला एक माणूस, मिशीत भाकरीचा तुकडा. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण चित्र आलं की नाही?

आठ दिवसांनी पत्र आलं. प्रगतीची निवड झाली! जीवन आला होता, म्हणून मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं, "शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर. शिबिरास येताना हेच साहित्य सोबत आणावे. फळा एक, खडू दोन, भाकर एक, पती एक."

जीवन खुर्चीवरून पडायचाच राहिला.

"मी येणार नाई!" मी ठणकावलं.

प्रगतीनं बॅगेत फळा ठेवला, त्यावर माझा टॉवेल ठेवला.

"शर्ट तरी घालू का?" मी विचारलं.

"नाई," ती म्हणाली, "पत्रात 'हेच साहित्य' लिहेल हाये."