इंजिनाचं हेड आणि आईचं कुंकू

विनीतने एकदा ठरवलं की ठरवलं! मग समोर मोटारीत हयात घालवलेला हरिहर मिस्त्री का असेना. फोनवर लागोपाठ अकरा व्हिडिओ पाहिलेल्या माणसाने मिस्त्रीचं ऐकायचं तरी कशाला?

झालं असं, की विनीतच्या अठरा वर्षं जुन्या गाडीचं इंजिन तापून तापून बसलं. मानपाड्याला हरिहरच्या गॅरेजमध्ये ते पूर्ण उघडलं. पिस्टन नवे घालायचे हे ठरलं, पण घोडं अडलं हेडवर. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जाडजूड झाकण, व्हॉल्व्ह त्यातच बसतात.

"विनीतभाऊ, लई तापलेलं इंजिन आहे. जुनंच हेड लावायचं तर आधी टेस्टिंगला पाठवू. नाहीतर दुसरं टाकू."

"अरे, टेस्टिंग काय, घरी करतो मी! व्हॉल्व्हपाशी रॉकेल ओतायचं, दोन तास बघायचं. गळलं नाही की हेड पास!"

"भाऊ, घाटातून जायचंय ना तुम्हाला?"

ते मात्र खरं होतं. कोजागिरीला विनीतच्या आईला, मालनबाईंना, कोकणात सगुणामावशीकडे न्यायचं होतं. दोघी बहिणींची पाच वर्षं गाठ नव्हती. मावशी फोनवर रडायची, इकडे आई पदराने डोळे पुसायची. बसचे धक्के आईला सोसत नाहीत, म्हणजे सगळी भिस्त या गाडीवर.

तरी विनीतने हेड उचललं आणि घोडबंदर रोडच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. घासून घासून चांदीसारखं चकचकीत केलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर उताणं ठेवून चारही खळग्यांत रॉकेल ओतलं आणि घड्याळ लावून समोर बसला. दोन तासांत थेंब हलला नाही!

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "हरिहर मला दुसरं हेड विकायला निघालेला!"

"छान. आता ते ओट्यावरून उचल," रुचिता म्हणाली. "पोळ्या काय डोक्यावर लाटू?"

विनीतने रॉकेल काढून हेड पुसलं आणि विजयाची बातमी द्यायला खाली सोसायटीत गेला. अर्ध्या तासाने वर येऊन बघतो तर काय! हेडला तेलाचं बोट लावलेलं, चारही खळग्यांत हळद, तेलात कालवलेलं कुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं एकेक फूल!

"आई! हे काय केलंस? इंजिनाचं हेड आहे ते!"

आईने पटकन कुंकवाची वाटी पदराआड घेतली. मग हळूच म्हणाली, "हळदकुंकू लावलं तर इंजिनाला काय होतंय रे?"

विनीतने फडकं घेतलं. हळद गेली, अक्षता गेल्या, कुंकूही गेलं. राहिली फक्त तिसऱ्या खळग्यात, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध, केसाएवढी एक लाल रेघ. ती काही जाईना! ब्रश झाला, लिंबू झालं, चिंच झाली, रुचिताचं नेलपॉलिश काढायचं औषध झालं. रेघ आपली जागच्या जागी! विनीतचं डोकं फिरलं.

"वाट लावलीस तू या हेडची! आता मावशीकडे जायचं विसर!"

आत जाऊन भरायला घेतलेली पिशवी आईने रिकामी करायला घेतली. रुचिताने विनीतकडे असं काही पाहिलं, की त्याने हेड चादरीत गुंडाळलं आणि सरळ रिक्षा पकडली. ओट्यावर बाजूला काढलेल्या फुलांपैकी एक चादरीतून बाहेर डोकावत होतं.

"मूर्ती आहे का साहेब?" रिक्षावाल्याने विचारलं. "मग सावकाश घेतो." आणि खरंच, त्याने मानपाड्यापर्यंत एकही खड्डा जोरात घेतला नाही.

गॅरेजमध्ये हरिहरने चष्मा कपाळावर चढवला आणि रेघेवरून नख फिरवलं. "हे कोणी केलं?"

"आईने! कुंकू लावलं तिने. कशाने निघेल ते सांग."

"निघायचं नाही भाऊ. तडा आहे हा. टेस्टिंगवाले पण पातळ लाल रंग लावतात आणि पुसतात. तडा असला की रंग आत मुरतो, तसं कुंकू मुरलंय. तुमच्या रॉकेलने व्हॉल्व्ह तपासले, ते झकास आहेत. पण इंजिन तापलं की हा तडा उघडला असता. भर घाटात सगळे रस्त्याकडेला बसले असते!"

रस्त्याकडेच्या दगडावर बसलेली आई विनीतच्या डोळ्यांपुढे आली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

हरिहरने टेस्टिंग करून घेतलेलं दुसरं हेड बसवलं. विनीतने निमूट पैसे मोजले! कोजागिरीला गाडीने घाट असा पार केला, की गरमीचा काटा जागचा हलला नाही. अंगणात दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. दुधाचे पेले फिरले तेव्हा विनीतने सगळ्यांसमोर आईचे पाय धरले.

"आई, तुझ्यामुळे सुखरूप पोचलो. मी नाही नाही ते बोललो, चुकलं माझं. पण तडा आहे हे तुला कळलं कसं गं?"

आई संकोचली. "तडा कसला कळतोय मला! मला वाटलं, माझ्या पोराने न सांगता चार बर्नरची शेगडी आणली. एवढी चकचकीत, ओट्यावर ठेवलेली! नवी वस्तू, म्हणून पूजा केली. तू ओरडलास तेव्हा कळलं, मग लाजेने बोलले नाही."

"अगं, पण मला तर फोनवर सांगितलंस की शेगडी आली!" मावशी म्हणाली.

सगळे विनीतकडे बघायला लागले. रुचिता तर पेला तोंडाला लावून हसत होती.

"आणतो," विनीत म्हणाला. "परवाच आणतो."

"आण बाबा," आई म्हणाली. "पण जरा हलकी बघ. ती सरकवताना माझी कंबर धरलेली!"