तात्यांची जकात

आम्ही जकात घेत नाही म्हणून आमच्याशी भांडणारा माणूस उभ्या भिवंडीत एकच होता. बाळाराम तात्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. खारबावकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या नाक्यावर मी कारकून होतो. शहरात येणाऱ्या मालावर नगरपालिकेची जकात वसूल करायची, हे आमचं काम. आम्हाला बघून कोणाचाही चेहरा खुलत नसे. तात्या मात्र लांबूनच बैलगाडी थांबवायचे, टोपी सारखी करायचे आणि ओरडायचे, "माल हाय हो! बगनारा कोन हाय का न्हाय?"

माल म्हणजे दोन भोपळे, नाहीतर वालाच्या शेंगा. तात्यांची एकुलती एक मुलगी मालन शहरात दिली होती. जावई वसंत लूमवाला, घरचे यंत्रमाग असलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे शेतात जे पिकेल ते मुलीकडे पोचवणं हा तात्यांचा उद्योग.

"तात्या, घरच्या भाजीला जकात नाही. जा."

"न्हाय कशी? बग नीट, पुस्तक काढ."

मागे ट्रकची रांग लागायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून आमच्या आईवडिलांची आठवण काढायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा तात्यांनी बकरी आणली. म्हणाले, "गाभन हाय. पिल्लाचं कसं करायचं?"

"जन्मल्यावर बघू."

"जन्मंल तवा ती शहरात असंल. मंग तुम्हाला काय भेटनार? बुडाली ना नगरपालिका!"

रांगेतला एक ड्रायव्हर खाली उतरून माझ्या पाया पडला. म्हणाला, "साहेब, बकरी का पैसा मैं देता हूँ, रास्ता खोलो."

नाक्यासमोर चहाचं हॉटेल होतं. तिथे तात्यांची खरी बैठक. तेव्हा जकात उठवा म्हणून व्यापाऱ्यांनी ओरड सुरू केली होती, आणि रोज कोणीतरी तात्यांना डिवचायचंच. हनीफभाई नावाचा उत्तरेकडचा जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, म्हणायचा, "चचा, चुंगी बंद होनी चाहिए. सरकारला पैसा पाहिजे तर नफ्यावर घ्या ना. गाडी कायको रोकते?"

"नफा घरात दडवता येतो," तात्या बशीतला चहा फुंकत म्हणायचे. "गाडी कुटं दडवशील? आन तुज्या खोलीम्होरं दिवा कुनाचा? नल कुनाचा? वर्गनी हाय ती, वर्गनी! गनपतीला देतोस, मंग गावाला द्यायला काय झालं?"

हॉटेल हसायचं. तात्यांना वाटायचं, आपण जिंकलो.

एका सकाळी तात्या पेंढा भरलेली गाडी घेऊन आले. जावयाने म्हैस घेतली होती, तिच्यासाठी. गाडी त्यानेच माणसं लावून तात्यांच्या खळ्यावर भरून दिली होती. मागून स्कूटरवर तो स्वतः आणि पाठीमागे मालन. त्या दिवशी नाक्यावर नवा इन्स्पेक्टर आला होता. मी नेहमीसारखा "जा तात्या" म्हणालो, तर तात्या भडकले.

"जा म्हंजे? साहेब, तुमी नवीन हाव म्हनून सांगतो. ही पोरं तपासत न्हाईत. सलई घाला पेंढ्यात! आपला मानूस म्हनून सोडायचं न्हाय!"

इन्स्पेक्टर हसला आणि त्याने शिपायाला खूण केली. सळई आत गेली ती मध्येच अडली. दुसरीकडे घातली, तिथेही अडली. पेंढा खाली ओढला तेव्हा आतून सुताची पोती निघाली.

तात्यांनी पोत्यावर हात ठेवून पाहिला. मग मागे वळून पाहिलं. वसंत स्कूटरच्या चाकाकडे बघत होता. मालनने पदर तोंडात धरला होता. समोरचं हॉटेल रस्त्यावर आलं होतं.

"माल कोणाचा?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"माजा."

"तुम्हाला सूत कशाला लागतं?"

"माजा हाय सांगतो ना. माज्या नावानं लिवा."

दंडाची पावती मीच लिहिली. नाव लिहिताना मान वर करायचा धीर झाला नाही. हनीफभाई हळूच म्हणाला, "चचा, आप भी?" तात्यांनी टोपी काढली, घडी केली आणि खिशात घातली. तोपर्यंत स्कूटर निघून गेली होती.

त्यानंतर तात्या नाक्यावर आले की न बोलता टोपली उघडून दाखवायचे आणि हॉटेलकडे न बघता पुढे जायचे. वाद रंगला की कोणीतरी हाक मारायचं, "या तात्या, सांगा आता!" तात्या म्हणायचे, "मी कोन सांगनार?"

एकदा मी त्यांना बाजूला घेतलं. "तात्या, माल कोणाचा होता ते आम्हाला ठाऊक आहे."

"ठाव हाय तर तोंडात ठेव. तिला त्याच घरात नांदायचं हाय."

पुढे जकातीच्या विरोधात व्यापाऱ्यांची जाहीर सभा झाली. आमच्या पोटाचा प्रश्न, म्हणून आम्ही नाक्यावरचेही जाऊन बसलो. तात्या येऊन माझ्या शेजारी टेकले. थोड्या वेळाने व्यासपीठावर वसंत बोलायला उभा राहिला. छान बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "अहो, जन्मभर जकातीची बाजू घेणारा आमच्याच घरातला म्हातारा! शेवटी त्यालासुद्धा चुकवावी लागली! एवढा जाचक हा कर!"

सभा हसली. माना वळल्या. सगळे तात्यांकडे बघायला लागले.

माझं अंग पेटलं. मी पुटपुटलो, "उठा तात्या. आता तरी खरं सांगा. नाहीतर मी उठतो."

तात्यांनी माझा गुडघा घट्ट दाबून धरला. "गप बस. पोर म्होरं बसली हाय."

बायकांच्या रांगेत मालन होती. सगळे वळले होते, तीच तेवढी वळली नव्हती. तिची मान इतकी खाली गेली होती की पाठीचा कणा पदरातून दिसत होता.

वसंतचं भाषण संपलं. टाळ्या पडल्या. माझ्या गुडघ्यावरचा हात निघाला, आणि तात्याही टाळ्या वाजवायला लागले. मुलीला ऐकू जाव्यात इतक्या मोठ्यानं.