पांढरे पडलेले उंटस्वार

ओल्या हवेत वार्निशचा फवारा मारायचा नसतो, हे हर्बर्ट क्लेगला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने शेडचं दार लावून घेतलं, डबा खळखळून हलवला आणि मारला. बाहेर सोमवारपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पण शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये चिमुकल्या शिपायांच्या लढाया खेळणाऱ्या त्यांच्या क्लबने नुकत्याच गेलेल्या लेनच्या आठवणीचा खेळ ठेवला होता, आणि लेनच्या बायकोने, डोरीनने, स्वतः येऊन खोका त्याच्या हातात दिला होता.

"त्याचे शेवटचे आहेत रे. रंगवून झालेत, फक्त वार्निश राहिलंय. मारशील ना तू?"

आता अशा वेळी नाही कोण म्हणणार?

खोक्यात सुदानच्या वाळवंटात लढायला निघालेले व्हिक्टोरिया राणीचे उंटस्वार होते. बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई, करडे डगले, पांढऱ्या टोप्या चहाच्या पाण्याने मळवाव्यात तशा मळवलेल्या. क्लबात लेन नेहमी इंग्रजांच्या बाजूने खेळायचा आणि हर्बर्ट त्यांच्याविरुद्ध उठलेल्या सुदानी महदीच्या. उभा जन्म दोघांनी एकमेकांची सैन्यं कापली आणि मग एकाच बाकावर बसून बियर प्यायली. रंगवण्यात मात्र बरोबरीची बातच नव्हती. लेन उंटाच्या डोळ्यात बुबुळ काढायचा. हर्बर्टचे उंट म्हणजे पाय फुटलेले बटाटे.

लेन अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचा पलंग खाली रंगकामाच्या खोलीतच आणला होता. हर्बर्ट भेटायला जायचा तेव्हा खिडकीत नवा उंटस्वार वाळत असायचाच. "हात अजून तसाच आहे हं तुझा," हर्बर्ट म्हणायचा, आणि लेन खिडकीबाहेर बघायचा.

तर फवारा मारला, आणि वाळता वाळता अख्खी तुकडी पांढरी पडली. डगले गेले, चेहरे गेले, बुबुळं गेली. कुणीतरी पिठाच्या डब्यातून काढून ठेवावी तशी दिसायला लागली.

"मेलो!" हर्बर्ट पायाशी बसलेल्या आपल्या कुत्रीला म्हणाला.

ओलीने बिघडलं तर उष्णतेने सुधारेल, हा त्याचा हिशेब. त्याने सगळी पलटण ओव्हनमध्ये घातली. पांढरेपणा तसूभर हलला नाही, गोंद मात्र सुटला. ट्रे बाहेर काढला तेव्हा उंट एकीकडे आणि स्वार दुसरीकडे, आडवेतिडवे पडलेले. लढाई न होताच सगळे कामी आले होते. मग त्याने क्लबच्या नॉरिसला फोन लावला.

"नॉरिस, समज, एखाद्याने ओल्या हवेत वार्निश मारलं..."

"कुठला गाढव मारेल?"

"समज म्हणतोय ना मी!"

"तेल लाव म्हणावं त्याला. ब्रशने, हलकं. पांढरेपणा जातो. पण काय रे, लेनचे तर नव्हेत ना?"

"छे! भलतंच काय!" हर्बर्टने फोन आपटला.

आता एकट्या गड्याच्या घरात तेल कुठून येणार? होती ती चिप्स तळायची बीफची चरबी. त्याने ती पातळ केली, ब्रशने लावली, आणि काय सांगावं, रंग परत आले की हो! डगले करडे झाले, बुबुळं चमकली. हर्बर्टने स्वार पुन्हा उंटांवर चिकटवले आणि समाधानाने झोपायला गेला.

सकाळी स्वयंपाकघरात गारठा होता आणि चरबी थिजली होती. तुकडी पुन्हा पांढरी, आणि या खेपेला मेणचट जाड. त्यात बिगुलवाला गायब. तो टेबलाखाली सापडला, कुत्रीच्या पंज्यात. बाईसाहेबांनी चाटून चाटून त्याचं तोंड थेट धातूपर्यंत साफ केलं होतं.

हर्बर्ट तिथेच फरशीवर बसला आणि रडला. लेनला पुरलं त्या दिवशी तो रडला नव्हता. पण आता लेन दुसऱ्यांदा गेला होता, आणि तोही याच्या हातून.

मग तोंड धुऊन, खोका काखेत मारून तो डोरीनच्या दारात उभा राहिला.

"झाले?" तिने विचारलं.

"डोरीन, लेनचं शेवटचं काम मी मातीत घातलं. काय बोलायचं ते बोल."

तिने झाकण उघडलं. "याला चिप्सचा वास का येतोय?"

हर्बर्टने पावसापासून कुत्रीपर्यंत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डोरीन जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसायलाच लागली.

"अरे वेड्या, लेनचं नाहीच हे! त्याला चहाचा कप धरवत नव्हता. मी रंगवलेत. तो उशीला टेकून सांगायचा आणि मी करायची. 'हर्बर्टला कळू देऊ नकोस, क्लबभर करेल,' म्हणाला."

हर्बर्टच्या छातीवरचा दगडच उतरला. "म्हणजे लेनचं काही बिघडलं नाही?"

"लेनचं नाही," डोरीन म्हणाली, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. "इतकी वर्षं त्या खोलीत त्याने मला झाडू मारायलासुद्धा येऊ दिलं नव्हतं, हर्बर्ट. शेवटी शेवटी रोज संध्याकाळी स्वतः हाक मारायचा. 'डोरीन, चल, उंट राहिलेत.' तेवढंच होतं रे माझ्याकडे."

हर्बर्टला वाटलं, त्यापेक्षा लेनचं बिघडलेलं बरं होतं.

ती उठली. एक उंट तिने साबणाच्या गरम पाण्यात धुतला, लेनच्या रंगांचा ट्रे टेबलावर आणला. हर्बर्टने ब्रशकडे हात नेला तर तिने त्यावर चापट मारली.

"तू नाही. तू तिथे बस, आणि माझं काय चुकतंय ते सांगत राहा."

"मी? अगं, मला कुठे काय कळतं? माझे उंट बघितलेस ना?"

"न कळेना. कुणीतरी सांगायला हवं."

हर्बर्ट बसला. डोरीनने तपकिरी रंग घेतला आणि उंटाच्या मानेवरून अलगद ब्रश फिरवला. रंग अगदी अचूक होता, नाव ठेवायला जागा नव्हती. हर्बर्टने घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या रागाने म्हणाला, "काय हे! एवढा गडद असतो का उंट? पूस तो आधी!"

"असतो," डोरीन म्हणाली. "सुदानात असतो." आणि टेबलावर डोकं टेकून ती मोठ्याने रडायला लागली.

अशा वेळी काय बोलावं हे हर्बर्टला कधीच सुचलं नव्हतं. तो उंटाला नावं ठेवत राहिला.