वीजबिल नावाची फाइल

लॅपटॉपची वाटणी करायची आहे, असं लेकीने जाहीर केलं तेव्हा निरीक्षक दाढी करत होते.

"कुणाकुणात?" त्यांनी फेसातून विचारलं.

"तुमच्यात आणि माझ्यात. मशीन एकच, आत सिस्टिम दोन. तुमची आहे तशी राहील, शेजारी मी माझी टाकते."

"एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात."

"उपसायची एका वेळी एकच, बाबा. म्हणून राहतात."

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभा जन्म त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवला होता, त्यामुळे डिस्कचे दोन्ही भाग सारखे असणार का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. लेक तळ्यांतल्या शेवाळावर संशोधन करत होती. तिचा स्वतःचा लॅपटॉप गेल्याच आठवड्यात नमुन्याची अख्खी बाटली पिऊन वारला होता, आणि सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंतल्या पेशी मोजणारा तिचा प्रोग्राम वडिलांच्या सिस्टिमवर चालायला तयार नव्हता.

"सारखे कशाला? तुमचं आत आहे काय? थोडे फोटो आणि एक वीजबिल."

निरीक्षकांचा हात गालावरच थांबला. "त्या वीजबिलाला धक्का लागता कामा नये."

"वीजबिलावर एवढा जीव?"

"कागद तो कागद."

ते वीजबिल नव्हतं, भाषण होतं. निरीक्षकांची बायको इस्पितळात मेट्रन होती. ती आता निवृत्त व्हायची होती आणि निरोपाच्या कार्यक्रमात घरच्या कुणीतरी चार शब्द बोलावेत, अशी इस्पितळाची विनंती होती. निरीक्षकांनी बायकोचं चारचौघांत कधी कौतुक केलं नव्हतं. घरात तरी केलं होतं का, हे त्यांनी आठवून पाहिलं आणि लगेच आठवणं सोडून दिलं. आता आयुष्यात एकदाच करायचं, तर माप उणं भरून चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी गुपचूप भाषण लिहिलं होतं आणि बायको चुकूनही उघडणार नाही असं नाव त्याला दिलं होतं.

वाटणी सुरळीत पार पडली. लेकीने सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली, डिस्कचा एक तुकडा कापला, त्यात आपली सिस्टिम टाकली. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत असताना निरीक्षक तराजूच्या काट्याकडे बघावं तसे तिच्याकडे बघत बसले होते. झोपायच्या वेळी त्यांची फाइल जागच्या जागी होती आणि जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच लेक तळ्यावर निघून गेली, पेनड्राइव्हसकट. तिथे फोनला रेंज नसते. जाताना तिने लॅपटॉपवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली: सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, वरची माझी, खालची तुमची, खाली जायचा बाण दाबून एंटर करा, काहीच नाही केलं तर दहा सेकंदांत माझी उघडेल. इतकं स्वच्छ लिहिलं होतं की शेंबड्या पोरालाही कळावं. फक्त ते निरीक्षकांनी वाचायला हवं होतं.

मेट्रनबाई सकाळी घरातली प्रत्येक वस्तू स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. दाराच्या कड्या, फोन, रिमोट, एकदा तर भेटायला आलेल्या भाच्याचा चष्मा. त्या फेरीत ती चिठ्ठी निघाली.

निरीक्षकांचीही एक रीत होती. लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि चहा करायला जायचं. तो जुना लॅपटॉप जागा व्हायला चहाला उकळी फुटण्याइतकाच वेळ घेतो, हे त्यांनी तपासून पाहिलेलं होतं. त्यामुळे काळा पडदा आला, दहा सेकंद कुणाची तरी वाट बघून गेला, आणि निरीक्षक कप घेऊन आले तेव्हा समोर एका तळ्याचा हिरवागार फोटो होता. त्यांचे फोटो नाहीत. वीजबिल नाही.

"अगं," त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला, "लॅपटॉपला हात लावला होतास?"

"रोजच लावते. एक चिकट कागद होता, तो काढला. अशा कागदांखालीच जंतू घर करतात."

"आतलं काही बघितलंस?"

"आतलं काय बघायचंय?"

आता काय उत्तर देणार? भाषण हरवलं म्हणावं तर भाषण होतं हे फुटतं. वीजबिल हरवलं म्हणावं तर ती दुसरं काढून हातात देईल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. निरीक्षक चहा प्यायले आणि पुन्हा लिहायला बसले.

पहिलं भाषण त्यांनी पंधरा दिवस रचलं होतं. त्यात सेवेचा अखंड तेवणारा दीप होता, त्यागाची मूर्ती होती, आणि रुग्णांच्या अश्रूंची फुलं झाली होती. दुसऱ्यांदा त्यातलं काही आठवेना. शिवाय मनःस्थिती चिडकी होती, म्हणून जे सुचलं ते लिहिलं. की ही बाई ओला टॉवेल खुर्चीवर दिसला तर खुर्चीसुद्धा धुते. की रात्रपाळीवरून फोन करून गॅस बंद केला का विचारते, आणि केला म्हटलं तरी पुन्हा जाऊन बघायला लावते, आणि दोनदा तो खरोखरच चालू होता. की माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा ही त्याच वॉर्डात होती. मी कण्हलो तर म्हणाली, ओळखीचे पेशंट जास्त कण्हतात. पण त्या रात्री पाळी संपल्यावर ती घरी गेली नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून राहिली, आणि सकाळी मला जाग आल्यावर म्हणाली, बसची वाट बघत होते.

हे वाक्य लिहिल्यावर निरीक्षकांना चिडायचं कशावर होतं ते आठवेना. त्यांनी फाइलला पुन्हा तेच नाव दिलं.

दोन दिवसांनी ते कप घेऊन आले तर तळं गायब. जुनेच फोटो, जुनीच फाइल, आत दीप तेवतोय. नवं भाषण मात्र कुठेच नाही. मेट्रनबाई शेजारी बोळा घेऊन उभ्या होत्या.

"काय झालं? चेहरा का असा?"

"काही नाही. चहा गरम आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी तळं परत आलं. एकाच मालाची दोन वजनं दाखवणारा काटा निरीक्षकांनी आयुष्यभर जप्त केला होता. आता तो त्यांच्याच टेबलावर होता आणि जप्त करून नेणार कुठे? त्यांनी पद्धतशीर तपासणी सुरू केली. साखरेचा चहा, बिनसाखरेचा चहा. टेबल खिडकीजवळ, टेबल भिंतीजवळ. काहीही केलं तरी तळंच. एकदा लेकीचा फोन लागला.

"बाबा, खाली जायचा बाण दाबला का?" तिने विचारलं आणि रेंज गेली.

निरीक्षकांनी तळ्यासमोर बसून खाली जायचा बाण बोट दुखेपर्यंत दाबला. तळं हललं नाही.

शेवटी कार्यक्रमाचा दिवस उगवला. इस्पितळाच्या सभागृहात परिचारिका, डॉक्टर, वॉर्डबॉय सगळे दाटीवाटीने बसले होते. निरीक्षकांनी लॅपटॉप बरोबर आणला होता, कारण कागदावरची बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नसत. लॅपटॉप मोठ्या पडद्यालाही जोडलेला होता, आधी मेट्रनबाईंचे फोटो दाखवायचे होते म्हणून. मनातून त्यांनी ठरवलं होतं: दीप निघाला तर बरं. चारचौघांत अपेंडिक्स कोण वाचणार? त्यांनी बटण दाबलं आणि पाय आपोआप मागच्या चहाच्या टेबलाकडे वळले.

कप भरून ते वळले, तेव्हा समोरच्या भिंतीवर आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो काळा पडदा दिसला. भिंतीएवढा. दोन ओळी, वरच्या ओळीवर पांढरी पट्टी, खाली उलटे मोजले जाणारे आकडे. चिखलाच्या बुटांनिशी थेट तळ्यावरून आलेली लेक घाईघाईने टेबलाकडे धावताना दिसली. आकडे थांबले. पट्टी खालच्या ओळीवर आली.

अच्छा, निरीक्षक मनाशी म्हणाले, बाण हा होता तर.

मधल्या गर्दीतून टेबल नीट दिसत नव्हतं. पण पट्टी खालच्या ओळीवर क्षणभर थांबली, पुन्हा वरच्या ओळीवर गेली, आणि तळं उघडलं.

फोटो खालच्या ओळीतच राहिले, आणि अपेंडिक्स वाचण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ओल्या टॉवेलपाशी सभागृह गप्प होतं. गॅसपाशी एक वॉर्डबॉय हसला आणि हात तोंडावर नेला. ओळखीच्या पेशंटपाशी सगळेच हसले, कारण ते वाक्य तिथल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं. स्टुलापाशी आलं तेव्हा मेट्रनबाई पर्समधून बोळा काढून आपला चष्मा पुसत होत्या, बराच वेळ.

घरी येताना लेक मागच्या सीटवर झोपली.

"घोटाळा झाला," निरीक्षक म्हणाले. "खरं भाषण वेगळंच होतं. जरा भारदस्त होतं."

"दिव्याचं ना? वाचलंय मी. चांगलं होतं, पण कुणाबद्दल आहे ते कळेना."

निरीक्षकांनी गाडी जरा हळू केली. "तू ती फाइल उघडलीस?"

"अहो, घरातलं वीजबिल आजवर मीच भरत आलेय. तुम्ही वीजबिलाची फाइल केलीत म्हटल्यावर मला काळजी नाही वाटणार?"

"आणि ते वरचं, खालचं..."

"लेकीने चिठ्ठी लिहिली होती. वाचूनच टाकली. मध्ये एक दिवस तुम्ही चहा करत होतात तेव्हा खालची ओळ मीच उघडली होती. आज ती भलतीच ओळ उघडायला निघाली होती, मी तिचा हात बाजूला केला."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी चहात साखर घालून बघतोय, टेबलं सरकवतोय, आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस."

मेट्रनबाई काचेबाहेर बघत म्हणाल्या, "पहिलं सापडलं असतं, तर दुसरं लिहिलं असतंत का?"

निरीक्षकांनी गिअर बदलला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "गॅस बंद केला होता ना आपण?"

"मी केला होता," त्या म्हणाल्या. "पण जाऊन बघा."